नियम कुठे ठेवायचा?

"जित्या मानसाला बुडवला म्हंतात, ते ह्येच ना?"

"ह्यांनी न्हाय रे, ह्यांच्या कंप्यूटरनं."

"कंप्यूटर काय आपसूक बुडवतो? त्याला शिकवनारा कोनीतरी असंलच ना!"

"म्हातारा चांगला होता पन."

"चांगला न्हाय असं कोन बोललं?"

मांडव्याहून सुटलेल्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर हे बोलणं चाललं होतं. नाना गेल्याची बातमी त्या दोघांच्या फोनवर माझ्या पाठोपाठ, कदाचित माझ्याआधीच पोचली असावी. मला माईचा, नानांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "चहा घेऊन गेले तर उठेचनात गं," एवढंच ती बोलली आणि पुढे नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मी तशीच निघाले, गेटवेवरून लाँच पकडली, मांडव्याला उतरून बसमध्ये बसले, आणि सीट मिळते न मिळते तोच हे ऐकलं. मला मागे वळायचं होतं. वळून सांगायचं होतं की शिकवणारं कोणी होतं खरं, पण ते नाना नव्हते. मी होते. मी हातातल्या तिकिटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. चोंढी आली तशी उतरले, आणि रिक्षात बसल्यावर मागे वळून पाहिलं, तोवर बस निघून गेली होती.

त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी धड एका जागी बसलेली नाही. लिहायला घेते, उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. नानांबद्दल लिही, तुला जमेल, असं घरचे म्हणाले. त्यांना वाटतंय मी वाडीबद्दल लिहीन, नानांच्या हातच्या वालाच्या बिरड्याबद्दल लिहीन. तेही आहेच. पण मला जे लिहायचं आहे ते एका नियमाबद्दल आहे. तो नियम कुठे ठेवायचा, यावरून आमचं भांडण झालं होतं.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. किहीमला त्यांची नारळ-सुपारीची छोटी वाडी. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, आणि तीही बहुतेक सगळी इतरांनी भरलेले तक्ते तपासण्यात. कोणत्या गेजवर किती पाणी, कोणत्या तारखेला, कोणी वाचलं. खात्यात पहिला कंप्यूटर आला तेव्हा नाना पन्नाशीला आलेले. बाकीचे त्याच्यावर कापड टाकून त्याला उदबत्ती ओवाळत होते, तेव्हा नानांनी एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि दोन पावसाळ्यांत स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकले. निवृत्त झाल्यावर सुपारी ठेवायच्या खोलीत त्यांनी आपला कंप्यूटर मांडला. त्या खोलीला वाळत्या सुपारीचा एक तुरट वास होता. माझ्यासाठी आजही प्रोग्रॅमिंगला तोच वास आहे, आणि ही गोष्ट मी ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही.

त्या खोलीत त्यांनी बरंच काही केलं. वाचनालयासाठी, शाळेसाठी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे एका मच्छीमार सोसायटीसाठी. बंदराचं नाव लिहीत नाही. सोसायटीचे चेअरमन कधीकाळी नानांच्या हाताखाली रोजंदारीवर होते. त्यांनी येऊन सांगितलं, "नाना, आमचं रजिस्टर भिजतं. वारा फिरला की दर्यात कोन कोन हाय ते समजायला अर्धा दिवस जातो. काहीतरी करा." नानांनी एक साधा प्रोग्रॅम लिहिला. सोसायटीच्या ऑफिसात एक कंप्यूटर, समुद्राकडे उघडणारी एक खिडकी, खिडकीच्या आत सोसायटीची कारकून सुवर्णाताई. होडी सुटण्याआधी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, खिडकीशी येऊन होडीचं नाव, खलाशांची नावं आणि परतायचा अंदाजे दिवस सांगणार. सुवर्णाताई ते फॉर्ममध्ये भरणार. होडी परतली की नोंद बंद. बस, एवढंच. पण वादळाचा इशारा आला की एक बटण दाबून कळायचं, या घडीला समुद्रात कोण कोण आहे आणि कुणाच्या घरी निरोप द्यायचा.

मला तो प्रोग्रॅम आवडायचा तो त्याच्या प्रश्नांमुळे. परतायचा दिवस निघायच्या दिवसाच्या आधीचा भरला, तर फॉर्म विचारायचा, "जाण्याआधीच परत येणार का?" सहा खलाशी सांगून पाचच नावं भरली तर, "सहावा कोण? खिडकीशी विचारा." आणि एखादा खलाशी आधीच दुसऱ्या होडीवर नोंदलेला असेल तर, "हा माणूस दुसऱ्या होडीवर आहे असं दिसतं. तरीही नोंदवायचं?" खाली दोन बटणं, 'थांबा' आणि 'तरीही नोंदवा'. दुसरं दाबलं की एक रिकामी चौकट यायची, वर फक्त "का?" एवढंच. सुवर्णाताई हे प्रश्न मोठ्याने वाचायची आणि तांडेल खिडकीबाहेरून उत्तर द्यायचा. त्या "का?"च्या चौकटीत काय काय लिहिलेलं असायचं! 'त्या होडीवर भांडण झालं.' 'तिकडचा स्वयंपाकी रडका आहे.' 'सासऱ्याची होडी, नाही म्हणता येत नाही.' सुट्टीत नानांच्या शेजारी बसून मी ही उत्तरं वाचायचे आणि हसत सुटायचे. नाना हसायचे नाहीत. "कारण आहे ना? मग झालं," म्हणायचे.

मी पनवेलला इंग्रजी शाळेत वाढले. माझं मराठी घरात ऐकलेलं आणि सुट्टीत शिकलेलं. मी अकरावीत असताना नानांनी मला पहिलं काम दिलं, वाचनालयाच्या फॉर्ममधले इशारे लिहायचं. मी फार विचार करून लिहिलं, "अवैध सभासद." नानांनी चष्मा कपाळावर सारला. "अवैध? हातभट्टी आहे का ती?" मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "बयो, समोर कोण बसलंय ते डोळ्यांपुढे आण. तिने काय चुकवलं ते नको सांगूस, तिने आता काय करायचं ते सांग." मी लाजेने लाल झाले होते. आज माझं पोट याच कामावर भरतं. तेवढी उपयोगी गोष्ट मला नंतर कुठल्याही वर्गात कुणी सांगितली नाही.

पण मग मी डिग्री घेतली. तिथे शिकले की नियम फॉर्ममध्ये ठेवणं कच्चं काम. फॉर्म म्हणजे घराचा दरवाजा. दरवाजावर पहारेकरी बसवला तरी मागे पडवी असते, खिडक्या असतात. माहिती शेवटी जिथे साठते, त्या डेटाबेसमध्येच नियम घालावा, म्हणजे कोणीही कुठूनही आलं तरी तो लागू होतो. हे खोटं नाही. आणि माझ्या नशिबाने, म्हणजे तेव्हा मला ते नशीब वाटलं, तसंच घडलं. सोसायटीच्या एका हौशी सभासदाने एक्सेलमधून आठवड्याच्या नोंदी थेट टेबलमध्ये चिकटवल्या. फॉर्म उघडलाच नाही, त्यामुळे फॉर्मने काही विचारलंही नाही. चार होड्या निघायच्या आधीच परतलेल्या दिसत होत्या. मी नानांना म्हटलं, "बघितलंत? म्हणून सांगत होते." माझ्या आवाजात जरा जास्तच आनंद असावा.

पावसाळा होता, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. बदल करायला हीच वेळ होती. मी आठ दिवस सुट्टी टाकून आले आणि सुपारीच्या खोलीत बसून नानांचे एक एक नियम फॉर्ममधून उचलून डेटाबेसमध्ये ठेवले. परतायचा दिवस निघायच्या दिवसाआधी असू शकत नाही. खलाशांचा आकडा आणि नावं जुळलीच पाहिजेत. एक माणूस एका वेळी दोन होड्यांवर असू शकत नाही. नाना मागे उभे राहून वाचत होते. तिसऱ्यापाशी थांबले.

"हा नको इथे."

"का? एक माणूस दोन होड्यांवर कसा असेल?"

"माणूस नसेल. नाव असेल." त्यांनी पडद्यावर त्या ओळीखाली बोट ठेवलं. "जे होऊच शकत नाही ते खाली अडव. पहिला नियम तसा आहे, तो खाली जाऊ दे, तुझं बरोबर आहे. पण जे सहसा होत नाही, ते माणसाला विचारायचं. ते अडवायचं नाही."

"नाना, विचारलं की लोक 'हो' दाबतात. न वाचता."

"सुवर्णा वाचते."

"सुवर्णाताई नेहमी असणार आहे का?"

ते चष्मा पुसायला लागले. मला वाटलं जिंकले. खरं तर मला वाटलं की नाना आता म्हातारे झाले, जुन्या पद्धतीला चिकटून बसलेत. मी ते बोलले नाही, पण माझ्या न बोलण्यातूनही माणसाला कळतं. "कर," ते म्हणाले, "पण 'बदल'मध्ये लिही." 'बदल' ही त्यांची एक साधी फाइल होती. प्रोग्रॅममध्ये कुठेही हात लावला की तिथे एक ओळ लिहायची, काय बदललं, का, कोणी. नानांच्या ओळींशेवटी 'ना.' असायचं. मी माझी ओळ लिहिली आणि शेवटी 'रे.' लिहिलं, रेवाचा रे. त्या फाइलमधली माझी पहिलीच ओळ. मला फार बरं वाटलं होतं.

मोसम सुरू झाला, तीन महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी असं झालं. दिनेश नावाचा एक खलाशी, पंचविशीतला, त्याचं नाव नेहमीच्या होडीवर आदल्या दिवशीच नोंदलेलं होतं. त्या होडीचं जाळं तयार नव्हतं, म्हणून तिचं निघणं दुपारवर गेलं. दुसऱ्या एका होडीला माणूस कमी पडत होता. दिनेश उडी मारून तिच्यावर गेला. बंदरात हे रोजचं. त्या होडीचा तांडेल खिडकीशी आला, सुवर्णाताईने दिनेशचं नाव भरलं, आणि कंप्यूटरने नोंद घेतली नाही. विचारलं नाही, नाकारलीच. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळींचा इशारा, डेटाबेसचा आपला स्वतःचा. त्याच्या जागी मराठी वाक्य लिहायचं मी मागे ठेवलं होतं, आणि ते मागेच राहिलं. 'तरीही नोंदवा' आता नव्हतंच. सुवर्णाताईने तीनदा प्रयत्न केला. ओहोटी लागली होती. "ताई, टाक ना कायतरी," तांडेल ओरडत होता, "पानी चाललंय!" सहा खलाशी आणि सहा नावं जुळल्याशिवाय कंप्यूटर सोडत नव्हता, तो नियमही माझाच. तेव्हा तिने यादीतलं पुढचं नाव निवडलं. हरेश, दिनेशचा थोरला भाऊ. पूर्वी समुद्रावर जायचा, आता पनवेलकडे कंपनीत. तेच आडनाव, तेच घर, घरचा फोनही तोच. निरोप द्यायची वेळ आली तर एकाच दारात जाणार, असं तिने मनाशी धरलं. कंप्यूटरने नोंद घेतली. नियमाप्रमाणे सगळं अगदी बरोबर होतं. सुवर्णाताई त्याच दुपारी बहिणीच्या लग्नाला रोह्याला गेली.

पहिली होडी दुपारी दिनेशशिवाय निघाली. तिच्या नोंदीत मात्र दिनेश होताच. दुसऱ्या दिवशी ती माल घेऊन परस्पर दुसऱ्या बंदराला लागली, मालकाचा फोन आला, आणि सुवर्णाताईच्या जागी बसलेल्याने तिच्यावरचे सगळे 'परत' करून टाकले. परतलेल्यांची छापील यादी खिडकीबाहेर लागली. दिनेशच्या आईने, हिराबाईने, शेजारच्या पोरीकडून ती वाचून घेतली. दिनेश परतला होता. होडी तिकडच्या बंदरात आहे, म्हणजे पोरही तिकडेच, येईल उद्या, असं धरून ती आपल्या सुकटीकडे गेली.

दुसरी होडी ठरल्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. वारा वाढला होता, फोन लागत नव्हते. चेअरमननी यादी काढली. यादीत हरेश. हरेशच्या बायकोला पनवेलला फोन गेला. हरेश कंपनीत, तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे तो लागेना. आपला नवरा न सांगता समुद्रावर गेला आणि बुडाला, असं समजून ती बाई कडेवर पोर घेऊन एसटीत बसली. चेअरमन स्वतः दोघांना घेऊन हिराबाईच्या दारात गेले. मी तिथे नव्हते. हे मला सुवर्णाताईने सांगितलं, तिला तिच्या शेजारणीने, पण मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसतं. हिराबाई आधी हसली. "हरेश? खुळे झाले की काय तुमी? तो सकालीच माज्याशी बोलला. डूटीवर हाय तो." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हुश्श केलं. आणि हिराबाईचं हसणं मध्येच थांबलं. तिथल्या इतक्या माणसांत तिलाच आधी कळलं.

"मंग त्या होडीवर माजा कोन हाय?"

होडी चौथ्या दिवशी आली. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बंदरच्या एका होडीने दोर बांधून ओढून आणली. सहाही जण जिवंत होते. दिनेशच्या हाताला दोराने सोललं होतं, एवढंच. नंतर लोक त्यावर विनोद करायला लागले. कंप्यूटरने कंपनीतल्याला बुडवला आणि दर्यातल्याला घरी आणला, म्हणायचे. हिराबाईने कधी विनोद केला नाही. ती एवढंच म्हणाली, असं ऐकलं: ज्या दिवशी माझं पोर पाण्यात होतं, त्या दिवशी मी पोटभर जेवले.

सोसायटीच्या कमिटीने नानांना बोलावलं. मी फोनवर म्हटलं, मी येते, मी सांगते. नाना म्हणाले, "तू येऊ नकोस." मी म्हटलं, "पण नाना..." ते म्हणाले, "तुझी नोकरी नवीन आहे, सुट्ट्या संपवू नकोस." मी गेले नाही. मला सांगितलं म्हणून गेले नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. खरं म्हणजे फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या बैठकीत नाना म्हणाले की नियम माझा, चूक माझी. सुवर्णाताईला काढून टाकायचं चाललं होतं, तिने खोटी नोंद केली म्हणून. तेव्हा, ती सांगते, एरवी आवाज न चढवणारे नाना उठून उभे राहिले. "तिने खोटं लिहिलं, कारण खरं लिहायला तिला जागाच ठेवली नव्हती. जागा माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. तिला हात लावू नका." सुवर्णाताई राहिली. कंप्यूटरवर कापड पडलं. रजिस्टर परत आलं. आणि नाना, जे दर मंगळवारी स्कूटरवरून बंदरावर जायचे, सुवर्णाताईच्या शेजारी बसून तांडेलांची उत्तरं ऐकायचे, ते जायचे थांबले. कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं. ते गेले नाहीत. मंगळवारी सकाळी स्कूटर पुसायचे आणि जागेवर लावून ठेवायचे, असं माईने मला नंतर सांगितलं.

त्यानंतर मी चार-पाचदा किहीमला गेले. प्रत्येक वेळी ठरवून गेले की बोलायचं. शेवटच्या खेपेला आम्ही दोघंच पडवीत होतो, नाना सुपारी सोलत होते, मी उगीच फोन बघत होते. मी म्हटलं, "नाना, ते... सोसायटीचं... मी जाऊन सांगू का त्यांना?" त्यांनी हातातली सुपारी संपवली. मग म्हणाले, "बयो, पंप बघ गं जरा. पाणी येतंय का ते." मी वाडीत जाऊन पंप बघितला. पाणी येत होतं. मी आले आणि म्हटलं, "येतंय." ते म्हणाले, "हं." तीच आमची शेवटची भेट. आमच्या घरात असंच बोलतात. मीही तशीच आहे, आणि याचा मला आता राग येतो, कोणाचा ते कळत नाही...

तेराव्यानंतर माईने मला सुपारीच्या खोलीत पाठवलं. तिला कंप्यूटरमधले फोटो हवे होते. फोटो काढून दिले आणि मग मी ती फाइल उघडली, 'बदल'. का उघडली सांगता येणार नाही. बहुधा माझी ओळ बघायची होती. ओळ होती. शब्द माझे, तारीख तीच. शेवटी 'ना.' होतं.

मी माझ्या लॅपटॉपमधली जुनी प्रत काढली. तिच्यात 'रे.' होतं. नानांनी ते बदललं होतं. शेजारीच फाइलची बैठकीच्या आदल्या दिवशीची एक प्रत ठेवलेली होती, तिच्यातही 'ना.' होतं. बैठकीला ते या फाइलचा कागद छापून घेऊन गेले होते, हे मला माहीत होतं. त्यावर काय होतं हे माहीत नव्हतं. इतके दिवस माझी समजूत होती की नानांनी फक्त माझं नाव घेतलं नाही. न घेणं वेगळं. त्यात मला थोडी जागा होती, तिथे मी सव्वा वर्ष अंग चोरून बसले होते. पण ज्या माणसाने तक्त्यातला एक आकडा कधी कुणासाठी फिरवला नाही, त्याने माझ्यासाठी खोटी नोंद केली होती. सुवर्णाताईने जे केलं, अगदी तेच. त्यांनाही खरं लिहायला जागा उरली नसणार. ती जागा मी द्यायला हवी होती, आणि मी दिली नव्हती.

त्या फाइलमध्ये माझ्या ओळीनंतर आणखी एकच ओळ होती, बैठकीनंतरची. 'मी आधी घातलेला नियम काढून टाकला, प्रश्न फॉर्ममध्ये परत ठेवला, दिवसांचा नियम मात्र डेटाबेसमध्येच राहू दिला, तो बरोबर आहे. ना.' कोणी वापरणार नसलेला प्रोग्रॅम त्यांनी दुरुस्त करून ठेवला होता, आणि माझं जेवढं बरोबर होतं तेवढं जागच्या जागी ठेवलं होतं. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. बसता येईना. माईने विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि ऐकलं मी स्वतःला ते म्हणताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांची स्कूटर घेऊन मी बंदरावर गेले. सुवर्णाताई सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. हिराबाई नानांच्या दिवसांना आली नव्हती. सोसायटीतले बाकीचे आले होते. ती किनाऱ्यावर होती, बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील उलटत. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिला वाटलं गिऱ्हाईक.

"सोडे पायजेत का? बग, कालचे हायत. पानी न्हाय लागलेलं."

मी मान हलवली. ती हो की नाही, हे तिला कळलं नसावं, कारण तिने सोड्यांची टोपली पुढे ओढली.

"शेराची हायस न तू? शेरातल्या बाया वास बगतात आदी. बग वास."

मी वास घेतला. "चांगले आहेत," म्हटलं.

"चांगलेच हायत. किती देऊ?"

"मावशी, मी किहीमच्या नानांची नात."

तिचा हात टोपलीत थांबला. मग तिने टोपलीवर फडकं टाकलं आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. बराच वेळ ती एक एक बोंबील उलटत राहिली. मी तिथेच. ऊन डोक्यावर आलं होतं.

"गेला म्हातारा, समजलं मना," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आले न्हाय मी. आले असते तर खोटंखोटं रडावं लागलं असतं. माज्या पोराला दर्यात ठेवला आनि कागदावर घरी आनला त्यानी. लोक बोलतात मानूस चांगला. असंल. मना काय करायचाय चांगला?"

मला वाटलं, घरी जावं, पत्र लिहावं. लिहिता येतं मला. मी स्कूटरकडे चार पावलं गेलेही. मागून ती म्हणाली, "काय बोलायला आलेलीस पोरी? काय बोलली न्हायस ती."

मी वळले.

"मावशी, तो नियम नानांनी नव्हता घातला. नाना नको म्हणत होते. तो मी घातला. दिनेशचं नाव त्या होडीवर लागलं नाही, ते माझ्यामुळे."